खालून ऐकणारा

आपाकला नव्या बर्फाची भीती वाटे, आणि ती तिने कधी कुणापासून लपवली नव्हती. जुना बर्फ किनाऱ्याला घट्ट धरून असतो, पांढरा असतो. त्यावरून कुत्र्यांची गाडी दामटली तरी तो हूं की चूं करत नाही. नवा बर्फ काळा. मोडायच्या आधी तो वाकतो. पाय ठेवला की दबतो, पाय उचलला की वर येतो. पुरुष म्हणत, वाकतोय तोवर काळजी नाही. आपाक म्हणे, तुमची काळजी तुमच्यापाशी, मी आपली काठावर बरी.

पण त्या हिवाळ्यात काठावर बसून चालण्यासारखं नव्हतं. तळावरचे धडधाकट पुरुष आत जमिनीवर हरणांच्या मागे गेले होते ते परतलेच नव्हते. आपाकचा नवरा ताकोलिक घरात आडवा पडला होता. कुऱ्हाड निसटून त्याच्या पायात घुसली होती आणि जखम चिघळली होती. उरल्या बायका, पोरं आणि म्हातारा पामिओक. मांस संपत आलं होतं. चरबी पुरवायची म्हणून दिव्याची वात इतकी बारीक केली होती की बर्फघराच्या भिंतींवर आतून दव गोठायला लागलं होतं. पोरं दिवसभर जुनं कातडं चघळत बसत.

आणि तळासमोरच्या खाडीतले सील नाहीसे झाले होते. एकेक सील बर्फात श्वासासाठी बरीच भोकं राखून असतो, नखांनी खरवडून खरवडून ती उघडी ठेवतो. त्या खाडीतली भोकं आधी एक, मग दुसरं, मग सगळीच गोठून बंद झाली. का, ते कुणाला कळेना. आता सील शोधायचा तर बाहेर, मोकळ्या पाण्याच्या कडेला, नव्या बर्फावरच जायला हवं होतं.

पामिओक सकाळी दारातून वाकून आत आला. सकाळ म्हणायची एवढंच. सूर्य परत यायला अजून अवकाश होता. भर दुपारी दक्षिणेला थोडी लाली फुटे आणि विझून जाई.

"आई, ऊठ. निघायचंय," तो आपाकला म्हणाला.

"तुझी आई म्हातारी झाली रे बाळा," आपाक म्हणाली. "तिचे गुडघे दुखतात."

"काही दुखत नाहीत. मला दात नव्हते तेव्हाही तू अशीच कारणं सांगायचीस."

पामिओकच्या दाढीचे चार केस केव्हाच पांढरे झाले होते आणि आपाकचा धाकटा अजून पाठीवरून उतरला नव्हता. पण पामिओकची आई ज्या हिवाळ्यात गेली, त्याच हिवाळ्यात आपाक जन्मली आणि तिला तिचं नाव दिलं गेलं. नाव आलं की माणूस आलं. तेव्हापासून पामिओक तिला आईच म्हणे. ती रांगत होती तेव्हापासून तो मारलेल्या प्रत्येक सीलमधला पहिला तुकडा तिच्यापुढे आणून ठेवी, आणि तिने तो नीट चावला नाही तर तिलाच रागे भरे. पुढे ती त्याच्या पुतण्याची बायको झाली, तरी हे नातं काही बदललं नाही.

"काकांना पाण्यात पडू देऊ नकोस," ताकोलिक अंथरुणातून म्हणाला. "त्यांना वर ओढायला सगळी कुत्री जुंपावी लागतील."

"तू आधी तुझा पाय सांभाळ," पामिओक म्हणाला. "कुऱ्हाड लाकडावर मारतात, एवढंही कुणी शिकवलं नाही का तुला?"

आपाकने धाकट्याला शेजारणीच्या पाठीवर दिलं, कमरेला आपली अर्धगोल सुरी लावली, कोटाच्या आत पाण्याची कातडी पिशवी घातली. बंदूक होती, पण काडतुसं उन्हाळ्यातच संपली होती, आणि व्यापाऱ्याचं जहाज बर्फ फुटल्याशिवाय येत नाही. पामिओकने दोरीचा भाला घेतला.

जुना बर्फ संपतो तिथे त्यांनी गाडी उभी केली आणि कुत्री बर्फाच्या मोठ्या ढेपेला बांधली. पुढे पायीच जायचं. पामिओक पुढे, मागे बरंच अंतर ठेवून आपाक. दोघांचं वजन एका जागी पडायला नको. प्रत्येक पावलाआधी तो भाल्याच्या दांड्याने बर्फ ठोकी. एक पाय तो जरा फरफटत टाके, त्याचा आवाज सारखा येत होता. बर्फावर दहिवराची फुलं उमलली होती, ती बुटाखाली चुरत होती. आपाकने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

एक उघडं भोक सापडलं. पामिओकने त्यात हाडाची बारीक सळी उभी सोडली. सील खालून वर येतो तेव्हा भोकातलं पाणी चढतं आणि सळी हलते. मग दोघं वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने आपाक कुजबुजली, "इतका वेळ काय करतो तो खाली?"

"पोट भरतो. काय करणार?" पामिओकही कुजबुजला. "बर्फाच्या खालच्या अंगाला जवळ्यासारखे किडे चिकटलेले असतात, ते खातो. भूक मोठी असली तर पार तळाला जातो, माशांच्या मागे."

"अंधारात?"

"मिशा आहेत ना त्याला. मासा शेपूट हलवून गेला की पाणी हलतं, ते त्याला मिशांवर कळतं. छाती रिकामी करून बुडतो आणि जीव अगदी मंद करून ठेवतो. आपला चहा उकळून पिऊन होईल तेवढा वेळ तो श्वासाशिवाय राहतो."

"त्याला भीती नाही वाटत?"

"वाटते की. वर आलं की आपण उभे असतो!"

तो खुदकन हसला. आपाक हसली नाही. पायाखाली चहूकडे तोच अंधार पसरलेला आहे आणि त्यात कुणीतरी पाण्याची हालचाल ऐकत फिरतं आहे, हे एकदा मनात आलं ते जाईना.

दक्षिणेला लाली फुटली, तरी सळी हलली नाही. गारठ्याने आपाकचे गाल बधिर झाले. आता परत फिरू या असं ती म्हणणार, तोच थोड्या अंतरावर बर्फ कडकडला. पातळ जागी एक डोकं वर आलं, पुन्हा आपटलं, आणि एक सील धडपडत बर्फावर चढला.

भर हिवाळ्यात सील कधी वर येऊन पडत नाही. वसंतात उन्हात लोळतात ते वेगळं. या थंडीत पाण्याबाहेर अंगावरचं पाणी तिथल्या तिथे गोठतं. तो सील मात्र भोकापासून लांब सरकत सुटला. नाकपुड्या उघडत होत्या, मिटत होत्या. त्याने या दोघांकडे पाहिलं आणि मान वळवून पुन्हा पाण्याकडेच पाहत राहिला.

पामिओक भाला घेऊन त्याच्यापर्यंत चालत गेला. सील हलला नाही. एका घावात काम झालं.

"बघ!" पामिओक म्हणाला. "आईसाठी आपणहून आला."

"तो पळाला का नाही?"

"दमला असेल."

"पाण्यात उडी मारायला कसला दम लागतो रे?"

पामिओक भाल्याची दोरी गुंडाळू लागला. आपाकने पिशवीतलं गोडं पाणी सीलच्या तोंडात ओतलं. खाऱ्या समुद्रातून येणारा तो, तहानलेला असतो, त्याला पाणी द्यायचंच. मग गरम कलेजीचा तुकडा काढावा म्हणून तिने पोटाला छोटा छेद दिला. जठर हाताला लागलं. ते चपटं होतं. कापून पाहिलं तर एक मासा नाही, एक किडा नाही.

"हा जेवलेलाच नाही," ती म्हणाली. "खाली चारा असून उपाशी?"

तिने त्याला कुशीवर वळवलं. मागच्या भागावर दोन खोल ओरखडे होते. शेजारी शेजारी, चरबीपर्यंत उतरलेले.

"अस्वल?" तिने विचारलं.

पामिओक गुडघ्यावर बसला. हातमोजा काढून त्याने एका जखमेत बोट घातलं. बोट आत गेलं, तसा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"अस्वलाची नखं अशी दोनच नसतात," तो अगदी हळू म्हणाला. "आई, ऊठ. आवाज करू नकोस."

तिला कळलं. दर हिवाळ्यात दिव्याभोवती बसून हे सांगणारा पामिओकच होता. दोन लांब सुळ्यांचा वॉलरस आईच्या अंगाखाली वाढतो, तळाचे शिंपले उकरायला तिच्याकडूनच शिकतो. पण एखाद्या पिल्लाची आई लवकर मरते. त्याला कुणी शिकवत नाही. ते जगलं वाचलं तर सील पकडून खायला लागतं, आणि मोठं झालं की एकटंच फिरतं. त्याच्या भागात सील टिकत नाहीत. बर्फावर चालणारं माणूस आणि बर्फाखाली पोहणारा सील, यांत त्याला फरक कळत नाही. पामिओकचा थोरला भाऊ असाच गेला होता. सापडला होता तो फक्त एक हातमोजा.

म्हणजे खाडीतली भोकं यामुळे गोठली.

पामिओकने भाल्याची दोरी सीलच्या जबड्यातून ओवली, दुसरं टोक स्वतःच्या छातीभोवती बांधलं. "हा मात्र सोडायचा नाही," तो पुटपुटला. दोघं जुन्या बर्फाच्या दिशेने निघाली. सील मागून घासत येत होता. पामिओकचा पाय फरफटत होता. आपाकला वाटलं, एवढा आवाज तर आपल्या आयुष्यात कुणी केला नसेल.

धप्प.

खालून. पामिओकच्या पायाशी. बर्फ थोडा फुगला आणि पुन्हा बसला.

दोघं जागच्या जागी थांबली. खालून काहीतरी घासत गेलं, लांबवर, सावकाश. पामिओकने एक पाऊल टाकलं. घासणारा आवाज वळला आणि परत आला. तो थांबला, आवाज थांबला. काळ्या बर्फाखाली फिकट असं काहीतरी सरकलं, आपाकच्या पायाखालून गेलं, आणि ते जाऊन संपेपर्यंत तिने श्वास घेतला नाही. तिच्या मांड्या थरथरत होत्या. ही थरथर खाली ऐकू जात असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मागे, सील जिथून चढला होता त्या भोकात, पाणी उसळलं. मोठा फुत्कार झाला. आपाकने मान वळवली. डोकं वर आलं होतं. वॉलरस तिने शेकड्याने पाहिले होते, कळपात एकमेकांवर रेलून पडलेले, रेकणारे. हा तसा नव्हता. सुळे पिवळे, चरबीने माखलेले. छाती अवाढव्य. लालसर डोळे तिच्यावरच होते, आणि त्यांत राग वगैरे काही नव्हता. तो फक्त जागा नीट बघून घेत होता.

मग तो खाली गेला.

पुढे काय करायचं ते तळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो बघून बुडाला, की पाहिलं त्याच जागी खालून फोडून वर येतो. तो खाली असताना, पाऊल न वाजवता, बाजूला सरायचं. मग पुतळ्यासारखं उभं राहायचं.

आपाक बाजूला सरकली. पामिओक हलला नाही.

"चल," ती ओठांनीच म्हणाली.

तो तसाच. भाला हातात उलटा धरलेला, डोळे पायाखाली खिळलेले. ज्याने हे सगळ्यांना शिकवलं, त्याच्याच अंगातलं बळ गेलं होतं. ओठ हलत होते. तो भावाचं नाव घेत होता.

आपाकला पळायचं होतं. खरं सांगायचं तर तिच्या एका पायाने कुत्र्यांच्या दिशेने पाऊल टाकलंही होतं. कुत्री तिथे दिसत होती, काळ्या ठिपक्यांसारखी. जीव मुठीत धरून धावली असती तर कदाचित पोचलीही असती. पण पामिओकच्या ओठांतून भावाचं नाव संपून "आई" असा शब्द आला. तो हाक मारत नव्हता. ताप चढलेलं पोर बरळतं तसा.

ती परत त्याच्याजवळ गेली. तिने आवाज काढला. मोठा नव्हे, पण आपल्या पोरांना दरडावताना काढते तसा.

"पामिओक! पोरा, मी सांगतेय ना? पाय उचल. घासायचा नाही. उचल म्हणते."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाय उचलला. ती त्याची बाही धरून मागे मागे चालली, तो तिच्यासमोर, डोळे तिच्या तोंडावर. "आता दुसरा. हं. आता हा." त्याच्या खांद्यावरचे दोरीचे वेढे उलगडत मागे सुटले; सील होता तिथेच राहिला.

"थांब," ती म्हणाली, आणि बर्फ फुटला.

मघाशी दोघं उभी होती नेमकी तिथेच. ढेपा उडाल्या, पाणी आपाकच्या तोंडावर आलं आणि पापण्या चिकटल्या. सुळे वर आले, काठावर आदळले, काठ मोडला, आणि सील पाण्यात घसरला. वॉलरसने त्याला दोन्ही वल्ह्यांसारख्या पंजांत कवटाळलं आणि तो बुडाला.

दोरी ताठ झाली. पामिओक तोंडावर पडला आणि बर्फावरून सरकत भोकाकडे निघाला. ओरडलाही नाही. आपाकने त्याच्या पायांवर अंग टाकलं, पण तीही त्याच्याबरोबर ओढली जाऊ लागली. तिने कमरेची सुरी ओढली. दोरी त्याच्या छातीपासून पुढे ताणलेली, जाड, ओल्या चामड्याची. पहिला घाव निसटला आणि त्याच्या कोटात घुसला. दुसऱ्याने दोरी निम्मी तुटली. मग ती आपणच तडकली आणि तिचं टोक सापासारखं पाण्यात गेलं.

दोघं एकमेकांवर पडून राहिली. भोकाच्या काठापासून पामिओकचं डोकं हातभर लांब होतं. आपाकचा कान बर्फाला लागला होता, त्यामुळे तिला खालचं ऐकू आलं. चोखल्याचा आवाज. थांबून थांबून, घाईशिवाय.

"जेवतोय," ती त्याच्या कानात म्हणाली. "आता जायचं. पोटावर."

ती दोघं पोटावर सरपटत गेली. खालचा आवाज बंद झाला की थांबायची, सुरू झाला की सरकायची. जुना बर्फ आला तरी आपाक उठली नाही. कुत्री तोंड चाटायला लागली तेव्हा ती उठली, आणि पामिओकला गाडीवर लोटून जमिनीपर्यंत तिने गाडी थांबवली नाही. खडक पायाला लागल्यावर म्हातारा उतरला आणि हमसून हमसून रडला.

"पुरे," आपाक म्हणाली. "आसवं गालावर गोठतील." पण तिचे स्वतःचे दात इतके वाजत होते की त्याला शब्द कळले नसावेत.

तळावर पामिओकने सगळं सांगितलं, स्वतःची फजिती जराही न लपवता. "आईने कान धरला म्हणून वाचलो," तो म्हणाला, आणि बायका पोट धरून हसल्या. ताकोलिक हसला नाही. त्याने आपाकचा हात आपल्या कोटाच्या आत नेऊन छातीशी धरला.

त्या खाडीत आता राहण्यात अर्थ नव्हता. ताकोलिकला गाडीवर घालून सगळी टेकडीपलीकडच्या उपसागराकडे निघाली. तिथे बर्फ लवकर धरतो आणि जाड असतो. वाटेत एक कुत्रं मारून खाल्लं. आपाकने आपला वाटा पोरांना दिला. लोकांना वाटलं, आईची माया. तसं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घासच उतरत नव्हता.

नव्या जागी भोकं उघडी होती. पामिओक पहिल्या दिवशी गेला आणि रिकाम्या हाताने आला. दुसऱ्या दिवशीही. मग तो आपाकजवळ येऊन बसला आणि बराच वेळ बुटाचे बंद सोडत, बांधत राहिला.

"सील येतो," तो म्हणाला. "पाणी चढतं आणि माझा हात उठत नाही. तू चल."

"मी जमिनीवरून खाली उतरणार नाही."

"मलाही उतरवत नाही. म्हणून तर म्हणतोय."

ती गेली. बर्फ पांढरा होता, जहाज पेलेल इतका जाड, तरी ती प्रत्येक पाऊल उचलून, न वाजवता टाकत होती. दोघं भोकापाशी उभी राहिली. ती त्याच्या मागे, त्याच्या कोटाची शेपटी मुठीत धरून. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं.

खालून खरवडल्याचा आवाज आला.

आपाकच्या हाताची पकड घट्ट झाली. तिला मागे फिरायचं होतं. पामिओकचीही मान आखडलेली तिला दिसली.

"ऐक," तो कुजबुजला. तिला सांगत होता की स्वतःला, कुणास ठाऊक. "बारीक नखं. लहान आहे. ऐक, आता श्वास घेईल."

तिने ऐकलं. एक छोटा, धापा टाकल्यासारखा श्वास. मग दुसरा. मग भरभर, बराच वेळ खाली राहून वर आलेल्याचे. त्याला अजून वरचं काही कळलं नव्हतं. तिला त्याची भयंकर दया आली, आणि तिने पामिओकच्या पाठीवर हात ठेवून हलकेच दाबला.

भाला खाली गेला.

घरी पोरांनी कलेजीवर झडप घातली. दिव्यात चरबी घातल्यावर ज्योत उंच झाली आणि छतातून थेंब गळायला लागले. पामिओकने नेहमीप्रमाणे पहिला तुकडा आपाकपुढे ठेवला.

"नीट चाव," तो म्हणाला.

तिने तो तोंडात घातला. गरम होता. तिने चावला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.